मैलाला तीन पेन्स

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे लेकीकडे बर्मिंगहॅमला गेलो आणि जानेवारीच्या शेवटी परत आलो. तिथली थंडी, तिथला पाऊस आणि नातवंडांचे उद्योग नातेवाइकांना सांगून झाले. एक गोष्ट तेवढी राहिली, कारण ती सुरू केली की ऐकणारे उठून जातात. ती हिशेबाची गोष्ट आहे.

आमच्यातला एक तीस वर्षे एसटीच्या आगारात हिशेब ठेवायला होता. गाडी किती किलोमीटर चालली, किती डिझेल प्याली, किलोमीटरमागे किती पैसे आले, ह्या आकड्यांतच त्याची नोकरी सरली. दुसरीने तेवढीच वर्षे त्या पगारात घर चालवले. त्यामुळे कुठे हिशेबाची वही दिसली की आम्हा दोघांचाही हात आपोआप तिच्याकडे जातो. लेकीच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर अशी एक वही होती, आणि तिच्यात एक वेगळे पान फक्त गाडीचे होते.

गाडी इलेक्ट्रिक. नवी कोरी नव्हे, दुसऱ्या हाताची. जावयाकडे आधी जुनी डिझेल गाडी होती. बर्मिंगहॅमच्या मध्यभागी १ जून २०२१ पासून स्वच्छ हवेचा पट्टा आखला आहे. जुन्या डिझेल गाडीने त्यात शिरायचे तर दिवसाला ८ पौंड मोजावे लागतात. जावयाचे काम नेमके त्या पट्ट्याच्या आत, आणि पाळी अशी की पहाटे बस मिळत नाही. आठवड्याचे ४० पौंड केवळ कामावर जाण्याचे. आपल्याकडचे साधारण ४,८०० रुपये! शेवटी त्याने डिझेल गाडी विकली. नवीन गाडी हप्त्याने घ्यायची तर व्याज आले, ते दोघांनाही नको होते. दोन वर्षे पैसे साठवले आणि रोख देऊन ही छोटी इलेक्ट्रिक गाडी आणली. बॅटरी ४० युनिटची. उन्हाळ्यात सव्वाशे-दीडशे मैल जाते, थंडीत हीटर लावला की शंभरावर आले तरी लक्ष काट्याकडे लागते.

सगळ्यांना वाटते की इलेक्ट्रिक गाडी म्हणजे फुकटात चालणारी गाडी. आम्हालाही तसेच वाटायचे. वहीचे पान पाहिल्यावर कळले की ती फुकटात चालते की महागात, हे तुमच्या घराला अंगण आहे की नाही यावर ठरते.

लेकीचे घर चाळीसारख्या ओळीतले आहे. भिंतीला भिंत लागून, दार उघडले की थेट फुटपाथ. गाडी जिथे जागा मिळेल तिथे, कधी दारासमोर तर कधी दोन गल्ल्या सोडून. घरातली वायर फुटपाथ ओलांडून गाडीपर्यंत नेता येत नाही. कुणी अडखळून पडले तर? काही ठिकाणच्या नगरपालिका केबलसाठी फुटपाथमध्ये बारीक चर करून देतात, पण गाडी रोज त्याच जागी उभी राहील तेव्हा त्याचा उपयोग. म्हणून जावई विजेच्या खांबावरच्या चार्जरला गाडी लावतो. युनिटला सुमारे ५० पेन्स. हमरस्त्यावरचा जलद चार्जर वापरला तर ७५ ते ८०. आणि घरातल्या साध्या विजेचा दर २७ पेन्सच्या आसपास. त्यातही घराच्या विजेवर कर ५ टक्के आणि रस्त्यावरच्या चार्जिंगवर २० टक्के. वीज तीच, तारही तीच. ज्याला अंगण नाही त्याने चौपट कर भरायचा, हे आमच्या हिशेबनिसाला काही केल्या पचले नाही. त्याने वहीच्या समासात उद्गारचिन्ह काढले आणि लेकीचा ओरडा खाल्ला.

जावयाचा एक मित्र सोलिहलला राहतो. घरापुढे दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर स्वतःचा चार्जर. वीज कंपनी त्याला रात्रीच्या वेळी युनिट ८ पेन्सला देते. एका युनिटमध्ये गाडी तीन-साडेतीन मैल जाते. म्हणजे त्याला मैलाला अडीच पेन्स पडतात, आणि आमच्या जावयाला खांबावरच्या विजेने १६-१७. तेवढीच पेट्रोल गाडी मैलाला १३-१४ पेन्समध्ये जाते. आम्ही हा हिशेब तीनदा केला. तीनदा तेच उत्तर आले.

२६ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी अंदाजपत्रक मांडले. त्या दिवशी संध्याकाळी घरात वेगळेच वातावरण होते. एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक कारला मैलामागे ३ पेन्स कर लागणार, पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या प्लग-इन गाडीला दीड पेन्स. पुढे महागाईप्रमाणे दरवर्षी वाढ. मालवाहू व्हॅन, बस, ट्रक, मोटारसायकल तूर्त यातून बाहेर. वर्षात किती मैल चालवणार याचा अंदाज आधी सांगून पैसे भरायचे आणि वर्षाच्या शेवटी काटा बघून हिशेब पुरा करायचा. गाडीची वार्षिक तपासणी होते तेव्हाच काटा नोंदवला जाईल. गाडीत पाळत ठेवणारे यंत्र बसवणार नाहीत.

आता सरकारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे ५२.९५ पेन्स इंधन कर आहे, आणि वर २० टक्के मूल्यवर्धित कर. ह्या इंधन करातून सरकारला वर्षाला सुमारे २४ अब्ज पौंड मिळतात. गाड्या विजेवर गेल्या की हा झरा आटणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पेट्रोलवाला मैलामागे पाच-सव्वापाच पेन्स इंधन कर भरतो, तेव्हा विजेवाल्याने तीन भरावेत, असे हे गणित. आमच्यातला हिशेबनीस म्हणाला, "ह्यात चूक काय? रस्ता झिजवतो त्याने भरावे. बस रिकामी धावली तरी टायर झिजतातच." लेक म्हणाली, "अब्बा, तुम्ही सरकारच्या बाजूने की आमच्या?" ह्यावर हिशेबनिसाने चहा मागितला.

ही कल्पना एकट्या ब्रिटनची नाही. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांना अंतरावर कर फार पूर्वीपासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून तो इलेक्ट्रिक कारनाही लागला, हजार किलोमीटरला ७६ डॉलर. आइसलंडने त्याच वर्षीच्या जानेवारीत किलोमीटरला ६ क्रोना सुरू केले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये असाच कर बसवला होता, पण असा कर बसवण्याचा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा आहे, असे सांगून तिथल्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द केला. आपल्याकडे अजून उलटा काळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला, तेव्हा आमच्या पुतण्याने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पेट्रोलवरचा कर आपल्या सरकारांनाही प्यारा आहे, हे त्याला कोण सांगणार!

त्या आठवड्यात सोलिहलचा मित्र जेवायला आला होता. सर्वांत जास्त चिडला होता तोच. "वर्षाला अडीचशे पौंड! आधी म्हणाले इलेक्ट्रिक घ्या, आता म्हणतात भरा." त्याचे अगदीच खोटे नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारने नवी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला ३,७५० पौंडांपर्यंत सवलत सुरू केली होती, आणि नोव्हेंबरात हा कर. शिवाय एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना वर्षाचा नेहमीचा १९५ पौंडांचा वाहन करही लागला होता, जो आधी माफ होता. मित्राचा मैलाचा खर्च अडीच पेन्सचा साडेपाच होणार, म्हणजे दुपटीच्या वर. तरीही पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. आमचा जावई गप्प बसून बिर्याणी वाढत होता. त्याचे १७ चे २० होणार होते. टक्केवारीने बघितले तर मित्राची वाढ भयंकर आणि जावयाची किरकोळ. पेपरात टक्केवारी छापतात, घरखर्च मात्र पेन्समध्ये होतो.

हे सारे आम्ही करमणूक म्हणून ऐकत होतो. विहीणबाईंचा विषय निघाला तेव्हा करमणूक संपली.

विहीणबाई ब्लॅकबर्नला राहतात. आमचे मरहूम व्याही तरुणपणी आमच्याच तालुक्यातून तिकडच्या कापड गिरणीत कामाला गेले, ते तिथेच राहिले. गिरण्या बंद पडल्या, ते गेले, मुले पांगली, विहीणबाई मात्र घर सोडायला तयार नाहीत. गल्लीत आपली माणसे आहेत, मशीद जवळ आहे, कबरस्तानात नवरा आहे. गुडघे दुखतात, एकट्या जिने चढतात. म्हणून जावई, लेक आणि नात दर शनिवारी सकाळी निघतात आणि रात्री परततात. जाऊन-येऊन २२० मैल. आजारपण आणि बर्फ सोडले तर वर्षात ४५ खेपा होतात.

लेकीने वहीत लिहिले होते: ४५ गुणिले २२०, बरोबर ९,९०० मैल. त्याखाली: गुणिले ३ पेन्स, २९७ पौंड. आपले पस्तीस हजार रुपये. कामाचे आणि बाजाराचे मैल धरून वर्षाला चौदा हजार मैल, कर ४२० पौंड. तिथल्या अंदाजपत्रकासोबतच्या हिशेबात वर्षाला ८,५०० मैल चालवणारा सरासरी इलेक्ट्रिक गाडीवाला २५५ पौंड भरेल असे धरले आहे. जास्त मैल चालवणारा जास्त श्रीमंत असतो, असे कुठे आहे? कुणाची आई लांब राहते, कुणाचे काम.

खाली तिने आणखी एक ओळ लिहिली होती, पेन्सिलने. "एक आड एक शनिवार?"

आम्ही दोघांनी ती ओळ वाचली आणि वही जागेवर ठेवली. आम्ही पाहुणे. त्यात मुलीचे आईबाप. नवऱ्याच्या आईकडे किती वेळा जायचे यात तोंड घालावे की नाही, याच्यावर रात्री कुजबुज झाली. सिला-रहमीवर प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. नात्याचा हिशेब मैलांनी करू नये, असे तिला सांगणे सोपे होते. पण ती सोपी गोष्ट सांगणारे आम्ही कोण, ज्यांनी एसटीच्या पासावर आयुष्यभर फुकट प्रवास करून नाती सांभाळली? लेक कंजूष नाही. वहीत तिने स्वतःच्या चपलांचे पैसे दोनदा पुढच्या महिन्यावर ढकलले होते.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्हीही सोबत गेलो. गाडीत पाच माणसे, हीटर चालू, बाहेर दोन अंश. एम-६ महामार्गावर जाताना अर्ध्या वाटेनंतर चार्जिंगला थांबलो. आमच्यापुढे तीन गाड्या रांगेत. दिवस इतका लहान की जोहरनंतर जरा बसलो तोवर असरची वेळ झाली. थांब्यावरच्या छोट्या नमाजखोलीत आळीपाळीने नमाज पढून घेतली. जलद चार्जरवर युनिट ७८ पेन्स. येताना पुन्हा थांबा. त्या दिवसाचा हिशेब हिशेबनिसाने न राहवून केला. निघताना खांबावरून भरलेले ३५ युनिट साडेसतरा पौंडांचे, वाटेत भरलेले ३८ युनिट जवळजवळ तीस पौंडांचे. एकूण ४७. पेट्रोल गाडीने हीच खेप तिसेक पौंडांत झाली असती. जो ३ पेन्सचा कर घरात दोन आठवडे गाजत होता, त्याची ह्या खेपेतली रक्कम होती ६ पौंड ६० पेन्स, तीही अजून सव्वादोन वर्षांनी लागणारी. लेकीला जे जड जात होते ते आजच, चार्जरवरच, जात होते. नव्या कराने फक्त त्याला नाव दिले. मैल मोजायची सवय त्या आकड्याने लावली.

विहीणबाईंनी त्या दिवशी सांदण केले होते, आणि माशाचे कालवण. एवढ्या वर्षांनंतरही त्यांच्या बोलण्यात आमच्या गावची कोकणी जशीच्या तशी आहे. जेवणे चालली असताना नऊ वर्षांची नात, जिला शाळेत गुणाकार चालू आहेत, म्हणाली, "दादी, आता तुमच्याकडे यायचे तर सरकारला सहा पौंड साठ द्यावे लागणार. मी केला हिशेब. अम्मीने म्हणून एक आड एक लिहिले आहे."

कुणीच काही बोलले नाही. लेकीची मान खाली गेली. जावई उठून पाणी आणायला गेला, जगात पाणी भरलेले असताना. विहीणबाईंनी नातीला जवळ घेतले आणि विचारले, "सहा साठ? बरोबर केलास ना गुणाकार?"

निघताना त्यांनी नातीच्या कोटाच्या खिशात एक लिफाफा सरकवला. गाडीत उघडला तर पाचाची नोट, एक पौंडाचे नाणे, पन्नासचे एक आणि दहाचे एक. बरोबर सहा साठ. रागाने दिले म्हणावे तर तसे नव्हते. येतेवेळी त्या हसतच होत्या. लेक मात्र घर येईपर्यंत रडत होती. जावई एवढेच म्हणाला, "अम्मीला पेन्शन किती मिळते ते तुला माहीत आहे." ते त्याने लेकीला ऐकवले की स्वतःला, आम्हाला समजले नाही.

त्या रात्री मात्र आम्ही पाहुणेपण सोडले. वही मागून घेतली आणि मध्ये ठेवली. लेकीला एकच प्रश्न विचारला: विहीणबाईंच्या दारापुढे फरशी घातलेली जागा आहे, एक गाडी मावते, मग गाडी तिथेच का लावत नाही? जावई म्हणाला, "अब्बा, घरच्या साध्या प्लगवर फार हळू भरते. तासाला दोन-सव्वादोन युनिट. आम्ही चार-पाच तास थांबतो, त्यात काय होणार? आणि अम्मीच्या बिलावर भार." पहिले कारण खरे होते. दुसरे त्याहून खरे होते. सहा साठ लिफाफ्यात घालणाऱ्या बाईच्या मीटरवर गाडी लावायला त्याचा जीव धजत नव्हता.

"मग राहा ना रात्रभर," आमच्यातली दुसरी म्हणाली. "शनिवारी जा, रविवारी या. दहा तास लावली तर?"

दहा तासांत २३ युनिट. २७ पेन्सने ६ पौंड २१. रस्त्यावर तेच १८ पौंडांना पडतात. म्हणजे खेपेला बारा पौंड वाचतात, येतानाचा थांबा थोडक्यात आटोपतो, आणि विहीणबाईंना दिवसाऐवजी एक रात्रही मिळते. लेकीने शंका काढली की रविवारी नातीचा मदरसा असतो. जावयाने शंका काढली की अम्मीकडे अंथरुणे कमी आहेत. अंथरुणांचा प्रश्न आम्हीच सोडवला. दोन रजया बाजारातून आणल्या, त्यांचा खर्च वहीत लिहू दिला नाही. मदरशाचा प्रश्न सुटायला तीन आठवडे गेले, आणि तो पुरता सुटला आहे असे आम्ही म्हणणार नाही. महिन्यात तीन मुक्काम ठरले आणि चौथा शनिवार घरी. पेन्सिलची ओळ लेकीने खोडून टाकली नाही, तिच्यापुढे "तीन रात्री" असे लिहिले.

पहिल्या मुक्कामाला जावयाने गाडी लावायच्या आधी मीटरचा आकडा कागदावर उतरवला, सकाळी पुन्हा उतरवला. बरोबर तेवढे पैसे आईच्या डब्यात ठेवायला गेला तर तिने हात धरला. आईच्या घरात मुलगा जेवतो त्याचे पैसे देतो का? जावई म्हणाला, मी जेवतो ते वेगळे, गाडी जेवते ते वेगळे. गाडीवर सोलिहलच्या मित्राला पण बसवतो, त्याचे मैल तुझ्या पेन्शनमधून का? दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. बराच वेळ वाद चालला. आम्ही शेजारच्या खोलीत फज्रनंतर तसबीह घेऊन बसलो होतो आणि एक शब्दही सोडत नव्हतो. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "तुझ्याकडे माझे सहा साठ आहेत ना? त्यातून वळते करून घे. उरलेले एकोणचाळीस पेन्स पोरीला दे."

जानेवारीच्या अखेरीस आम्ही निघालो तेव्हा मैलांच्या अंदाजाचा विषय पुन्हा निघाला. कर सुरू झाल्यावर वर्षाच्या सुरुवातीला आकडा आपणच सांगायचा असतो ना, तर कमीच सांगावा, नंतर भरता येईल, असे मित्राने जावयाला सुचवले होते. आमच्या हिशेबनिसाने तीस वर्षांत लॉगशीटवर किलोमीटर पुष्कळ पाहिले आहेत. तो म्हणाला, काटा शेवटी खरेच सांगतो, मग आधी खोटे सांगून वर्षअखेरीस एकदम मोठी रक्कम का ओढवून घ्यायची? अंदाज करायचा तर आईकडच्या खेपा आधी लिही, मग बाकीचे. जावयाने तसे लिहिलेही. २०२८ ला अजून वेळ आहे, तोवर दर बदलेल, नियम बदलतील, कदाचित सरकारही बदलेल.

विमानतळावर सोडायला गाडी तीच होती. नातीने काट्याचा आकडा मोठ्याने वाचला आणि घरी परतल्यावर वजाबाकी करून फोनवर सांगितली. आम्हाला पोचवायला गेलेले अंतर बावीस मैल. "नाना, तुमचे सहासष्ट पेन्स झाले," ती म्हणाली. आम्ही ते अजून दिलेले नाहीत.